गोल्डन रॉड : सांदवाडीत लावा, वावरात नको

(बाभुळगाव येथील बैठकीतल्या भाषणाचा मजकूर)



कापूस, तूर, सोयाबीन सोडून आज एका फुलझाडावर बोलायचं म्हटल्यावर पुढच्या रांगेतली मंडळी एकमेकांकडे पाहू लागली आहेत. पाहू द्या. 'गोल्डन रॉड लावावं का?' असं बायाही विचारतात आणि पोरंही. बाया विचारतात, घरामागे चार फुलं असावीत म्हणून. पोरं विचारतात, एकरी किती सुटतात म्हणून. प्रश्न एकच असला तरी उत्तरं दोन आहेत.

आधी झाडाची ओळख. सत्काराच्या गुच्छात गुलाब-जरबेऱ्याच्या मागे बारीक पिवळ्या फुलांचा तुरा खोचलेला असतो, तोच हा. नावाचा अर्थ सोन्याची काठी. मूळचं झाड उत्तर अमेरिकेचं. कूळ झेंडू, शेवंती, सूर्यफुलाचं. आपल्या राज्यात पुण्याच्या बाजूचे फूलवाले शेतकरी गुच्छाचं भरणीचं फूल म्हणून ते लावतात. देवाला ते चालत नाही असं नाही, पण हार त्याचा होत नाही आणि दसऱ्याला त्याला कोणी विचारत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे हिशेबात लागेल.

शेवंती ज्या बाईनं लावली आहे तिला हे झाड नव्यानं शिकवावं लागणार नाही. बी पेरत बसायचं नाही. जुन्या झाडाच्या बुडाशी मुळं फुटलेल्या काश्या निघतात, त्या वेगळ्या करून लावायच्या. आपल्या काळ्या जमिनीत एकच मोठी अडचण, पाणी साचतं आणि बूड सडतं. म्हणून सपाट जागेत लावूच नका. वीतभर उंचीचा गादीवाफा करा, त्यात कुजलेलं शेणखत आणि थोडा मुरूम किंवा रेती मिसळा. दोन काश्यांत फूट-दीड फूट अंतर. पावसाळा सुरू झाल्यावर किंवा सरता सरता लावावं. एप्रिल-मेमध्ये हात लावू नये. ऊन भरपूर हवं. झाड कमरेच्या वर जातं, वाऱ्यानं लोळतं, तेव्हा चार काठ्या रोवून सुतळी फिरवा.

पाणी कुठून आणायचं? न्हाणीचं पाणी आहे ना. अंघोळीचं पाणी नाली काढून वाफ्याकडे वळवा. कपड्याच्या सोड्याचं पाणी मात्र तिकडे जाऊ देऊ नका. उन्हाळ्यात, पारा चव्वेचाळीसच्या पुढे गेला की झाड बुडापासून चार बोटं ठेवून कापा, वर सोयाबीनचं कुटार पसरा आणि आठवड्यातून दोनदा ओल द्या. वरून मेल्यासारखं दिसलं तरी मुळं जिवंत असतात. युरियाची मूठ टाकायचा मोह आवरा. युरियानं झाड फोफावतं, लुसलुशीत होतं, मग मावा येतो आणि भुरीही.

आणि मावा आला म्हणून पऱ्हाटीचा फवारणी पंप सांदवाडीत आणू नका. हे मी जोर देऊन सांगते. २०१७ च्या हंगामात आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास माणसं दगावली, शेकडो दवाखान्यात पडली. सांदवाडीत पाण्याचा माठ असतो, वाळत घातलेले कपडे असतात, पोरं असतात. माव्याला पाण्याची जोरदार धार मारा, कीड लागलेले शेंडे खुडून टाका. एवढ्यानं भागलं नाही तर लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम निंबोळीची भुकटी रात्रभर भिजवून, गाळून फवारा. फुलावर मधमाश्या आणि मित्रकिडी येतात, त्यांनाही जगू द्या.

एक भीती बऱ्याच जणी बोलून दाखवतात : याच्या फुलोऱ्यानं सर्दी-दमा होतो काय? अमेरिकेतही या झाडावर हा आळ वर्षानुवर्षं आहे. आळ खोटा आहे. याचा पराग जड आणि चिकट, तो किड्यांच्या पायाला लागून जातो, वाऱ्यावर फारसा उडत नाही. त्याच दिवसांत फुलणारं दुसरंच एक तण असतं, त्याचा पराग हवेत उडतो आणि डोळ्यांत भरतं ते हे पिवळं फूल. तरी ज्यांना गाजरगवतानं अंगाला खाज सुटते त्यांनी हे झाड कापताना पूर्ण बाह्या घालाव्यात. दोन्ही एकाच कुळातली आहेत.

गाजरगवताचं नाव निघालंच आहे, तर खरी भीती ती आहे. १९५५ साली ते पुण्यात लक्षात आलं आणि आज बांध नाही की जिथे ते नाही. बेशरम कुंपणासाठी बरी म्हणून लावली, नाल्यात शिरली, आता नाला तिचा. गोल्डन रॉडची जातच तशी आहे. जमिनीखालून मुळं सरकवत पसरायचं आणि बारीक केसाळ बी वाऱ्यावर सोडायचं. शोभेसाठी म्हणून १९३० च्या दशकात ते चीनमध्ये शांघायकडे नेलं, पुढे तिथल्या शेताबांधावर, पडीत जमिनीवर त्यानं ठाण मांडलं. युरोपात, जपानातही तेच. म्हणून तीन गोष्टी पाळाच. वाफ्याच्या कडेला फूटभर खोल जुने टिन किंवा फरशा गाडा. फूल तपकिरी होऊन म्हातारी सुटायच्या आत दांडा कापा. आणि दोन वर्षांनी झाड उपटून विरळ करताना निघालेली मुळं नाल्यात किंवा उकिरड्यावर फेकू नका. उन्हात कडकडीत वाळवून जाळा. बेंबळ्याच्या कालव्याच्या काठी हे झाड पोचलं तर निंदायला कोणाच्या मजुरीनं जाणार?

आता पोरांचा प्रश्न. लागवडीनंतर तीन-चार महिन्यांत तुरे येतात, एक तृतीयांश फुलं उमलली की सकाळी लवकर दांडे कापतात, जुड्या बांधतात. ऐकायला छान वाटतं. पण माल जायचा नागपूरला, शंभराहून जास्त किलोमीटर, आणि तिथे तो गुलाबाच्या गाडीमागून जाणार. गुच्छात भाव ठरतो गुलाबाचा. मागच्या पिवळ्या काडीला उरलंसुरलं मिळतं. लग्नसराई संपली की तेही नाही. झेंडूचं दसऱ्याच्या संध्याकाळी काय होतं ते रस्त्याच्या कडेला पडलेले ढीग सांगतात, आणि झेंडूला तर निदान सण आहे.

या झाडावर एडिसननंही डाव लावला होता, तो विजेच्या दिव्याचा एडिसन. रबर मलाया-सिलोनकडून यायचं, आणि १९२२ पासून इंग्रज सरकारनं निर्यात आवळून त्याचा भाव चढवला. (आपल्याकडे २०१२ च्या मार्चमध्ये कापसाची निर्यात बंद केली ती भाव पाडायला. असो.) १९२७ मध्ये फोर्ड आणि फायरस्टोन यांना सोबत घेऊन एडिसननं हजारो झाडं तपासली आणि रबरासाठी गोल्डन रॉड निवडलं. पानांतून रबर निघालंही. पण १९३१ साली तो वारला, आणि गोल्डन रॉडचं रबर बाजारात काही टिकलं नाही. फोर्ड-फायरस्टोनच्या तिजोरीला तो खर्च झेपला. आपल्याला पीककर्जाचा हप्ता झेपत नाही.

म्हणून कोणी मोटारसायकलवर येऊन 'रोपं आमची, माल आम्हीच उचलू' म्हणाला, तर त्याला विचारा, तुझा स्वतःचा एकर कुठे आहे? सफेद मुसळी झाली, रतनजोत झाली, इमू झाला. दर वेळी बेणं नाहीतर पिल्लू विकणाऱ्याचे पैसे आधी सुटले.

त्यापेक्षा दहा काश्या लावा आणि एक वही करा. त्यात काश्यांचा खर्च लिहा, आणि घरधनीण त्या वाफ्यावर किती तास वाकली तेही लिहा. सांदवाडीतल्या बाईच्या कामाला कोणी मजुरी लावत नाही, म्हणून तिथलं सगळं फुकट पिकल्यासारखं वाटतं. निंदणाचा जो रोज गावात चालू आहे तो तिच्या नावावर मांडा. बाभुळगावात, यवतमाळात कोणी हार-गुच्छवाला दोन-चार जुड्या रोख घेत असेल तर ते पैसे समोर लिहा. एक वर्ष वही चालवा. मग एकराचं बोला.

नाही विकलं तरी वाया जात नाही. दांडे उलटे टांगून सावलीत सुकवले तर रंग बराच टिकतो, महालक्ष्म्यांच्या आराशीला ठेवता येतात. फुलं उकळून तुरटी लावलेल्या कापडाला पिवळा रंग देता येतो. लोकर-रेशमावर चांगला चढतो, सुतावर फिका.

काश्या एकमेकींकडून मागून न्याव्यात, विकत घेऊ नयेत. न्यायला येताना ओलं पोतं आणा. मुळं उन्हात उघडी राहिली तर घरी पोचेपर्यंत सुकतात. आणि त्याच दिवशी संध्याकाळी लावून टाका.