मुलाचा ताबा आणि वकिलाची पारख

नवराबायकोचें पटेनासें होऊन प्रकरण काडीमोडीपर्यंत गेलें, म्हणजे भांडींकुंडीं, दागदागिने, घरदार यांची वांटणी कशीबशी होते. वांटतां येत नाहीं तें एकटें मूल. अशा वेळीं दोन्ही घरचे आप्त ‘खटला जिंकून देणारा’ वकील शोधूं लागतात, आणि येथेंच पहिला गैरसमज होतो.

मुलाच्या ताब्याचा प्रश्न आला म्हणजे न्यायालय आईची वा बापाची सरशी पाहत नाहीं, मुलाचें हित पाहतें. १८९० चा पालक व पाल्य कायदा आणि १९५६ चा हिंदु अज्ञान व पालकत्व कायदा या दोहोंचा रोंख हाच आहे. पांच वर्षांखालील मूल सामान्यतः आईपाशीं असावें, असें दुसरा कायदा सांगतो. परंतु ‘सामान्यतः’ या शब्दांतच अपवादाला जागा आहे. मुलें ही आईबापांची मालमत्ता नव्हेत कीं खेळणीं नव्हेत, असें सर्वोच्च न्यायालयानें १९७३ सालीं रोझी जेकब खटल्यांत बजावलें.

तेव्हां वकिलाची पारख त्याच्या आवाजावरून न करतां त्याच्या प्रश्नांवरून करावी. समजा, सहा वर्षांची मुलगी घेऊन एक स्त्री नाशिकला माहेरीं आली आहे व नवरा मुंबईस आहे. चांगला वकील प्रथम विचारील: मुलगी येथें किती दिवस राहत आहे? शाळेंत नांव कोठें आहे? आजारपणांत तिच्या उशाशीं कोण बसतें? ती बापाला शेवटची केव्हां भेटली? कारण १८९० च्या कायद्याप्रमाणें मूल जेथें नेहमीं राहतें तेथल्या न्यायालयांत अर्ज करावा लागतो. आणि बाकीच्या उत्तरांवरून मुलीचें हित कोठें आहे तें दिसूं लागतें. मुलीला खरोखर धोका असेल तर गोष्ट निराळी. पण उगीचच ‘बापाला तिचें तोंडही दाखवूं नका’ असा सल्ला देणाऱ्याची पायरी पुन्हां चढूं नये. अकारण नाकारलेली भेट पुढें नाकारणाऱ्याच्याच अंगाशीं येण्याचा संभव असतो.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याप्रमाणें या न्यायालयांत वकिलामार्फत उभें राहणें हा पक्षकाराचा हक्क नव्हे. त्यास न्यायालयाची परवानगी लागते. न्यायालय प्रथम समेटाचा यत्न करतें, व तेथें पक्षकाराला स्वतःच बोलावें लागतें. म्हणून अर्ज नेटका लिहून देणारा आणि अशिलाला थोडक्यांत व खरें बोलावयास सांगणारा वकील अधिक उपयोगी.

वकिलांना जाहिरातीची मनाई आहे. तेव्हां त्याच न्यायालयांत अशीं प्रकरणें कोण चालवितो, याची चौकशी माहितगारांकडे करावी. फी आधींच ठरवून लेखी घ्यावी. निकालावर फी ठरविणें वकिलांच्या नियमांत बसत नाहीं. पैशाची अडचण असल्यास १९८७ च्या कायद्यान्वयें स्त्रिया व मुलें यांस उत्पन्नाची अट न लागतां, व पुरुषांस ठराविक उत्पन्नाच्या आंत, मोफत वकील मिळूं शकतो. त्यासाठीं जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

खटला संपतो, वकीलपत्रही संपतें. आईबापपण मात्र संपत नाहीं. उद्यां त्याच मुलीच्या लग्नमांडवांत दोघांनाही उभें राहावयाचें आहे, याची आठवण जो पहिल्याच भेटींत करून देतो, त्याच्या हातीं कागद निःशंकपणें द्यावेत.