पाय भरून आलेत? शेक द्या, पण आधी दुखणं ओळखा

आजचा भाग भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींसाठी. आमच्या हट्ट्याकडं पहाटे रस्त्याला बघा, कुणी १६०० मीटरसाठी पळतंय, कुणी ८०० साठी. आणि दुसऱ्या दिवशी तीच पोरं जिना उतरताना कठडा धरतात.

माझंही तेच झालं होतं. बऱ्याच महिन्यांचा खंड, अन् पहिल्याच दिवशी जोशात पळणं, वर शंभर बैठका. दुसऱ्या दिवशी खाली बसता येईना. आजी म्हणाली, "लेकरा, पाय भरून आलेत, शेकून घे." तिनं निरगुडीचा पाला तव्यावर थोड्या तेलात गरम केला, फडक्यात बांधला आणि मांड्या-पिंढऱ्या शेकल्या. रात्री झोप लागली.

आता यात नेमकं होतं काय? पुष्कळ जण म्हणतात, लॅक्टिक ॲसिड साचतं. ते तर पळणं थांबल्यावर तासाभरात उतरतं. दुखणं मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढतं. कारण सवय नसलेल्या व्यायामानं स्नायूंच्या धाग्यांना बारीक इजा होते. बैठकीत खाली जाताना, उतारावर पळताना स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, तिथं ती जास्त होते. शेकानं रक्त खेळतं, आखडलेला स्नायू सैल होतो, ठणका कमी होतो. पण भरून यायला लागणारे दिवस लागतातच. निरगुडीचा पाला ओलसर ऊब धरून ठेवतो, मोठं काम त्या उबेचंच.

मग हळद? आपला वसमत तालुका हळदीचा. ‘वसमत हळदी’ला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण खरं सांगतो, हळदीत कुरकुमिन साधारण २ ते ५ टक्के, आणि तेही अंगात नीट शोषलं जात नाही. ज्या अभ्यासांत दुखणं थोडं कमी झालं, तिथं कुरकुमिनचा अर्क दिला होता. हळदीचं दूध आवडत असेल तर जरूर प्या, पण त्याच्या भरवशावर दुसऱ्या दिवशी दुप्पट पळू नका.

आता माझी चूक ऐका. दोन आठवड्यांनी रस्त्याच्या कडेला पाय मुरगळला, घोटा सुजला. मागच्या वेळी शेकानं बरं वाटलं होतं, म्हणून लगेच बाम चोळला आणि वरून शेक घेतला. रात्रीपर्यंत सूज वाढली, कातडी भाजल्यासारखी लाल झाली, आणि तीन आठवडे सराव बंद. भरती तोंडावर असताना तीन आठवडे!

म्हणून हे लक्षात ठेवा. दोन्ही पाय सारखेच, मांडीभर दुखतायत, सूज नाही, तर शेक चालेल. पंधरा-वीस मिनिटं, आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं. बामावर शेक कधीच नाही. पण एकाच जागी कळ, सूज, काळंनिळं, तर पहिले एक-दोन दिवस शेक नको, चोळणं नको. फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावा, पाय उंच ठेवा. पायावर भारच देता येत नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

आणि अति व्यायामानंतर लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर घरगुती उपाय थांबवा, त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्नायू जास्त फुटला की त्यातली द्रव्यं मूत्रपिंडाला इजा करतात. तसंच मैदानावर जायच्या आधी, पोटात पाणी नसताना, वेदनाशामक गोळी घेऊन पळायचं नाही. तीही मूत्रपिंडावरच येते.

शेवटी दिलासा देणारी गोष्ट. तोच व्यायाम आठवड्यानं पुन्हा केला की पाय तितके भरून येत नाहीत, स्नायू शिकतो. तेव्हा भरून आलेल्या दिवशी पळू नका, पण झोपूनही राहू नका. गावातून सावकाश एक चक्कर मारा, संध्याकाळी आजीकडून शेक घ्या. आणि तिला विचारायच्या आधी घोटा सुजलाय का, ते बघा.

भेटू पुढच्या भागात. राम राम!