चिनी सून आणि अमेरिकेचा परवाना
(आपल्या संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने मला आज चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी विद्वान नाही, वक्ता तर मुळीच नाही. गेली वीस वर्षे अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांती नोकरी करून राहणारा मी एक साधा अभियंता आहे. चिटणीसांनी विषय सुचविला तो असा की, परदेशात विवाह केलेल्या आपल्या मुलामुलींना तेथील सरकारदरबारी कोणकोणत्या दिव्यांतून जावे लागते, ते स्वानुभवाने सांगावे. माझी पत्नी चीन देशातील सिचुआन प्रांताच्या चंगडू या शहरची आहे, हे येथे बहुतेकांस ठाऊक आहेच. त्यामुळे दोन परदेशस्थांनी तिसऱ्या देशात घर कसे केले, याची ही हकीकत आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास सांगतो, कारण त्यावाचून आजच्या नियमांचे मोल कळणार नाही. अमेरिकेने १८८२ मध्ये कायदा करून चिनी मजुरांस आपली दारे बंद केली. एखाद्या राष्ट्राचे नाव घेऊन केलेला हा तेथील पहिला मोठा प्रतिबंध. १९१७ च्या कायद्याने प्रतिबंधित टापू आखण्यात आला आणि त्यात आपला हिंदुस्थानही आला. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, हिंदी मनुष्य कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नसल्याने तो नागरिकत्वास पात्र नाही. १९२५ मध्ये त्याच न्यायालयाने असे ठरविले की, अमेरिकेचा नागरिक असलेल्या चिनी पुरुषाची चिनी पत्नी केवळ पत्नी आहे म्हणून कायम वास्तव्यासाठी देशात येऊ शकत नाही. पती तीरावर आणि पत्नी बोटीवर, अशी ही स्थिती होती! पुढे १९४३ मध्ये चिन्यांसाठी वर्षाकाठी १०५ आणि १९४६ मध्ये हिंदी लोकांसाठी १०० जागा मोकळ्या झाल्या. राष्ट्रावरून माणूस तोलण्याची ही रीत खऱ्या अर्थाने मोडली ती १९६५ च्या कायद्याने. म्हणजे जी दोन राष्ट्रे एकेकाळी त्या दारावर एकाच रांगेत नाकारली गेली, त्यांची मुले आज त्याच दारातून जोडीने आत जातात. ही गोष्ट लहान नव्हे.

आता आजच्या व्यवस्थेकडे वळू. पतिपत्नींपैकी एकजण अमेरिकेचा नागरिक असेल, तर मार्ग त्यातल्या त्यात सरळ आहे. नागरिकाच्या वैवाहिक जोडीदारास वार्षिक संख्येची मर्यादा नाही. नागरिकाने प्रथम आय-१३० हा अर्ज करावयाचा व विवाहाचे पुरावे जोडावयाचे. आपल्या उत्पन्नावर घर चालेल अशी हमी द्यावयाची, आणि ते उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या निदान १२५ टक्के असावे लागते. वधू चीनमध्ये असेल, तर तिची मुलाखत ग्वांगझौ येथील अमेरिकन वकिलातीत होते. मग ती बीजिंगला राहत असो वा शांघायला, तिला तेथेच जावे लागते. विवाहास दोन वर्षे पुरी होण्यापूर्वी परवाना मिळाला, तर तो सशर्त, दोन वर्षांचाच असतो. मुदत संपण्यापूर्वीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून पुन्हा अर्ज करून तो कायम करून घ्यावा लागतो. ही तारीख ज्यांनी भिंतीवरील कॅलेंडरावर तांबड्या शाईने लिहून ठेवली नाही, त्यांच्यावर मोठे संकट ओढवू शकते, हे आपल्या मुलांना अवश्य सांगा.

आमचा मार्ग मात्र दुसरा होता. आम्ही दोघेही तेथे परकेच होतो. मी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, ती प्रथम विद्यार्थिनी आणि पुढे नोकरीत. २०१२ मध्ये तेथील काउंटीच्या कचेरीत आम्ही नोंदणी विवाह केला. माझ्या मालकाने माझ्या कायम वास्तव्यासाठी अर्ज केला होता आणि रांगेतील माझी तारीख २०११ ची होती.

रांग हा शब्द येथे नीट समजून घ्यावा. नोकरीच्या आधारे दरवर्षी साधारण १,४०,००० परवाने दिले जातात आणि त्यात पत्नी व मुले यांचीही गणना होते. त्यापैकी कोणत्याही एका देशाच्या वाट्यास सर्वसाधारणपणे ७ टक्क्यांहून अधिक जाऊ नयेत, असा नियम आहे. हिंदुस्थानातून येणारांची संख्या अफाट, त्यामुळे आपली रांग दशकांची झाली आहे. सरकार दर महिन्यास एक पत्रक काढते व त्यात देशवार स्तंभ असतात. आपल्या स्तंभातील तारीख आपल्या तारखेपर्यंत आली की मगच शेवटचा अर्ज करता येतो. मी दर महिन्यास ते पत्रक वाचीत असे आणि निराश होऊन मिटीत असे.

परंतु कायद्यात एक कलम आहे, ते फार थोड्यांस ठाऊक असते. देशाची गणना नागरिकत्वावरून होत नाही, तर जन्मस्थानावरून होते. आणि पतिपत्नींची ताटातूट होऊ नये म्हणून, अर्जदारास आपल्या जोडीदाराच्या जन्मदेशाच्या स्तंभात बसण्याची मुभा आहे. अट एवढीच की, दोघांचा परवाना बरोबरीने व्हावा. चीनची रांगही लांबच, पण आपल्याइतकी नव्हे. माझ्या मालकाचे काम पाहणाऱ्या वकिलांच्या लक्षात ही गोष्ट आली नाही. त्यांनी मला भारताच्या स्तंभात बसविले व स्वस्थ राहण्यास सांगितले. २०१५ च्या वसंतात एके रात्री माझ्या पत्नीने ते पत्रक व त्याखालील टीपा वाचल्या आणि मला म्हणाली, "तुम्ही माझ्या रांगेत उभे राहू शकता." मी हसलो. तिने कायद्याचे कलम काढून दाखविले. तिचेच खरे होते. चीनच्या स्तंभातील तारीख आमच्या तारखेपुढे गेली होती आणि भारताच्या स्तंभास २०११ साल अद्याप दूर होते. आम्ही घाईने कागद गोळा केले आणि उन्हाळ्याच्या प्रारंभीच अर्ज दाखल केला. त्याच सप्टेंबरात तारखा पुन्हा मागे हटल्या. थोडा आळस केला असता, तर संधी निसटली असती. यास्तव माझे सांगणे असे की, वकील अवश्य करावा, पण आपले कागद आपण स्वतःही वाचावे.

कागदांचा प्रश्न निघालाच आहे, तर तो विस्ताराने सांगतो, कारण आपल्या घरांतील खरी अडचण तेथेच आहे. चीनमध्ये प्रत्येक कुटुंबाची सरकारी नोंदवही असते. तिच्या व इतर दप्तराच्या आधारे तेथील नोटरी कचेरी जन्माचा रीतसर दाखला इंग्रजी भाषांतरासह करून देते. माझ्या सासऱ्यांनी तो करवून घेऊन पाठविला. माझी गत निराळी. माझ्या जन्माची नोंद नगरपालिकेत सापडली, पण बारशापूर्वीची असल्याने तीत नावाच्या जागी केवळ 'मुलगा' एवढेच लिहिलेले! शिवाय मातोश्रींचे नाव एका कागदावर माहेरचे, दुसऱ्यावर सासरचे, तिसऱ्यावर वडिलांच्या नावासह. चिनी स्त्री विवाहानंतर नाव बदलीत नाही. आपल्याकडे ते बदलते, आणि मधले नाव म्हणजे काय, हे परक्या अधिकाऱ्यास उमगत नाही. अशा वेळी शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्मसमयी ज्यांना प्रत्यक्ष माहिती होती, अशा आईवडिलांचे वा वडील नातलगांचे प्रतिज्ञापत्र जोडावे लागते.

वडील निवर्तले होते. प्रतिज्ञापत्र मातोश्रींनीच करावयास हवे होते. आणि येथे मला एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. माझा विवाह मातोश्रींस मान्य नव्हता. त्या विवाहास आल्या नव्हत्या. तीन वर्षे आमचे दूरध्वनीवरील बोलणे प्रकृती आणि पाऊसपाणी यांपलीकडे जात नसे. सुनेचे नाव त्यांच्या तोंडून मी ऐकले नव्हते. अशा आईस मी कोणत्या तोंडाने सही मागावी? अखेर मागितली. त्या एवढेच म्हणाल्या, "मजकूर पाठव." मी वकिलांनी दिलेला मसुदा पाठविला. त्यात माझी जन्मतारीख, स्थळ आणि मातापित्यांची नावे होती. पंधरा दिवसांनी पाकीट आले. नोटरीसमोर केलेल्या त्या प्रतिज्ञापत्रात माझ्या मसुद्यात नसलेले एक वाक्य अखेरीस होते. माझा मुलगा व माझी सून यांच्या कामी उपयोगी पडावे म्हणून मी हे लिहून देत आहे, अशा अर्थाचे. 'सून' हा शब्द त्यांनी प्रथम उच्चारला तो असा, मुद्रांकाच्या कागदावर.

पुढे आम्हांस मुलाखतीचे बोलावणे आले. आमचा स्तंभच विवाहावर अवलंबून असल्याने विवाह खरा आहे की परवान्यासाठी रचलेला, हे पाहणे अधिकाऱ्याचे कामच होते. खोट्या विवाहास तेथे पाच वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे, आणि तो डाग पुढील सर्व अर्जांस भोवतो. आम्ही दोघांच्या नावचा घरभाड्याचा करार, बँकेची खाती, कराची विवरणपत्रे आणि छायाचित्रे नेली होती. अधिकाऱ्याने छायाचित्रे चाळली आणि शांतपणे विचारले, "यात मुलीचे आईवडील दिसतात, तुमच्याकडील कोणी दिसत नाही?" प्रश्न साधा होता. खोटे बोलणे सोपे होते, अंतराचे निमित्त पुढे करता आले असते. परंतु अशा ठिकाणी अर्धसत्यही घातक असते. मी म्हणालो, "माझ्या आईस हा विवाह पसंत नव्हता." क्षणभर कोणी बोलले नाही. मग माझ्या पत्नीने धारिकेतील ते प्रतिज्ञापत्र काढून शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. अधिकाऱ्याने ती ओळ वाचली आणि पान उलटले. २०१६ च्या आरंभी दोघांचेही परवाने आले.

त्याच वर्षी आम्ही घरी आलो. मातोश्री चुलीपाशी बांगड्याच्या कालवणात तिरफळे घालीत होत्या. माझी पत्नी वासाने आत आली, एक तिरफळ उचलून दाताखाली धरले आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले. तिच्या सिचुआनात प्रत्येक स्वयंपाकघरात असणारा मसाला या आपल्या तिरफळाचाच सख्खा भाऊबंद आहे. मातोश्रींनी तिला पाट दिला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण त्या दिवसापासून मला दुभाष्याचे काम फारसे पडले नाही.

एक कटु अनुभवही सांगितला पाहिजे. चीन आणि भारत ही दोन्ही राष्ट्रे दुहेरी नागरिकत्व मानीत नाहीत. चीनच्या १९८० च्या कायद्याप्रमाणे परदेशात स्थायिक होऊन तेथील नागरिकत्व घेणाराचे चिनी नागरिकत्व आपोआप जाते. वृद्ध आईवडिलांकडे जाताना आपल्याच गावी परकी म्हणून व्हिसा मागावा लागेल, म्हणून माझ्या पत्नीने चिनी पारपत्र ठेवले. मी २०२२ मध्ये अमेरिकेचे नागरिकत्व घेतले व भारताचे प्रवासी नागरिकपत्र काढले. पण २०२१ मध्ये मातोश्री निवर्तल्या, तेव्हा मला येता आले, तिला मात्र वेळेत व्हिसा मिळणे शक्य नव्हते. २०२० पासून बंद असलेले चिनी नागरिकांचे पर्यटक व्हिसा भारताने २०२५ च्या जुलैत पुन्हा सुरू केले. कोणी कोणते पारपत्र ठेवावे, हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. कोणाच्या अंत्यसमयी कोण पोहोचू शकेल, हे त्याने ठरते. तरुण जोडप्यांनी त्याचा विचार आधी करावा.

जाता जाता पालकांस दोन सूचना. मुलांच्या जन्मनोंदीत नाव घालून घ्या आणि सर्व कागदांवर नावांचे एकच रूप ठेवा. आणि परधर्मीय परदेशी वधूवरांशी येथे विवाह होणार असेल, तर केवळ धार्मिक विधीवर न थांबता १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंद करा. त्यास तीस दिवसांची सूचना द्यावी लागते, म्हणून रजा त्या बेताने घ्यावी. नियम व शुल्क वारंवार बदलतात, तेव्हा माझ्या सांगण्यावर न विसंबता प्रत्येक वेळी सरकारी सूचना ताज्या पाहाव्या.

आता शेवटची विनंती. आपल्या संस्थेची कुटुंबसूची नव्याने छापली जात आहे. तिच्या नमुन्यात 'पत्नीचे माहेरचे नाव व गाव' असा रकाना आहे. मी तो भरून पाठविला. तो कोरा ठेवावा असे काहींचे मत पडल्याचे माझ्या कानी आले. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. सूची हे आपल्या वंशाचे दप्तर आहे आणि दप्तर सांभाळणाराने काटेकोर असावेच. मी एवढेच म्हणतो की, नगरपालिकेच्या वहीत माझ्या नावाची जागा कोरी राहिली, तिची भरपाई एका आईस प्रतिज्ञेवर करावी लागली. आज माझी दहा वर्षांची कन्या येथे बसली आहे. तिने उद्या ही सूची उघडली, तर तिच्या आईपुढे कोरी जागा दिसू नये. माझ्या कै. मातोश्रींनी जो शब्द मुद्रांकावर लिहिला, तोच आपण छापावा, एवढीच प्रार्थना.