जुन्या जखमांची नोंदवही
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील निवेदन)



आपल्या अहवालात दरवर्षी ड्रेसिंगची संख्या छापली जाते. ती वाढली की आम्ही समाधान मानत आलो. हिशेबात वाढ ही जमेची बाजू. जखमेच्या बाबतीत मात्र तोच आकडा उलट वाचावा लागतो, हे उशिरा आमच्या ध्यानी आले. एकच रुग्ण तीच जखम घेऊन वर्षभर का येतो, हे आम्ही विचारलेच नव्हते.

लालबाग-परळच्या चाळींत एके काळी रॉकेलच्या स्टोव्हने भाजण्याचे प्रसंग वरचेवर घडत. स्टोव्ह गेले, व्रण राहिले. त्वचारोपण न होता जखम कशीबशी भरली, की तेथील कातडी पातळ व ताठर राहते. गुडघ्यामागे, घोट्याजवळ ती पुनःपुन्हा फाटते. अशा जागी क्वचित त्वचेचा कर्करोग उद्भवतो, आणि तो त्वचेच्या नेहमीच्या कर्करोगांहून अधिक आक्रमक असतो. फ्रेंच शल्यविशारद मार्जोलीन यांनी १८२८ मध्ये अशा जखमांचे वर्णन केले, म्हणून त्यास मार्जोलीन अल्सर म्हणतात. भाजणे आणि कर्करोग यांत सरासरी तीसेक वर्षे जातात. इतक्या काळानंतर दोहोंचा संबंध कोणाच्या मनात येणार?

सतत दुखावलेल्या कातडीचा हा धोका परळला नवा नाही. टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. खानोलकर व त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ मध्येच ‘धोतराचा कर्करोग’ नोंदविला होता. कमरेला रोज घट्ट कसलेल्या धोतराखाली कातडी काळवंडते, चिघळते आणि वर्षानुवर्षांनी तेथे गाठ येते. पुढे परकराच्या नाडीखालीही तेच आढळले.

तीन महिन्यांत न भरणारी जखम, उचललेल्या जाड कडा, दुर्गंधी, सहज येणारे रक्त, ही लक्षणे दिसताच कडेचा तुकडा काढून तपासावयास हवा. परंतु ‘जुनेच आहे ते’ असे म्हणून रुग्ण विषय मिटवितो. आणि खरे सांगावयाचे तर, आम्हीही मिटवीत होतो.

यंदापासून ड्रेसिंगच्या वहीत ‘जखम केव्हापासून’ असा रकाना घातला आहे. तीन महिन्यांपुढील प्रत्येक रुग्णास शल्यचिकित्सकांकडे पाठविले जाते. गरजूंच्या बायोप्सीचा खर्च निर्धन रुग्ण निधीतून केला जातो. पुढील अहवालात ड्रेसिंगची संख्या घटलेली दिसल्यास सभासदांनी ती तूट समजू नये, ही विनंती.