अर्ध्या सेकंदानं पकडलेला चोर



एका गटातून निरोप आला आहे. "फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरावं का? आमचा मुलगा म्हणतो, त्यात चोर शिरला होता, तशी बातमी होती." मुलगा म्हणतो ते खरं आहे. २०२४ सालची गोष्ट. पण बातमी दोन मिनिटांत संपते, आणि त्यातलं खरं ऐकण्यासारखं असतं ते मागंच राहतं. म्हणून आज तेवढी एकच गोष्ट सावकाश सांगते. कॉम्प्युटर येत नसला तरी कळेल. ज्यांनी गटाची वही सांभाळली आहे त्यांना तर जास्तच कळेल.

आधी हे फुकट सॉफ्टवेअर म्हणजे काय ते बघू. कॉम्प्युटर असो की मोबाइल, तो जे काही करतो ते कुणीतरी लिहून ठेवलेल्या सूचनांप्रमाणं करतो. त्या लिखाणाला कोड म्हणतात. बऱ्याच कंपन्या हे लिखाण कुलपात ठेवतात. आपल्याला वापरायला मिळतं, आत काय लिहिलंय ते दिसत नाही. काही लोक मात्र लिखाण उघडं ठेवतात. कुणीही वाचा, उतरवून घ्या, चूक दिसली तर सांगा, जमलं तर सुधारून पाठवा. याला ओपन सोर्स म्हणतात, आपण खुलं सॉफ्टवेअर म्हणू. ते बहुतेक वेळा फुकटही असतं, पण फुकट असण्यापेक्षा खुलं असणं मोठं. माझा हा आवाज ज्यात रेकॉर्ड केलाय आणि मधला खोकला ज्यानं कापून टाकलाय, ते ऑडॅसिटी खुलं आहे. लिनक्स खुलं आहे, आणि तुमच्या हातातल्या अँड्रॉइड मोबाइलच्या मुळाशी तेच आहे. इंटरनेटच्या मागं जी मोठी यंत्रं रात्रंदिवस चालू असतात, ज्यांना सर्व्हर म्हणतात, त्यांतली फार मोठी संख्या लिनक्सवर चालते.

अशा लिनक्स यंत्रांत एक छोटं सॉफ्टवेअर असतं, एक्सझेड नावाचं. त्याचं काम मोठी फाइल दाबून लहान करणं. थंडी सरली की आपण गोधड्या दाबून बोचकं बांधतो ना, तसं. बोचकं सोडलं की गोधडी जशीच्या तशी निघाली पाहिजे, एक टाकासुद्धा उसवलेला चालायचा नाही. काम कंटाळवाणं, कुणाच्या डोळ्यांत न भरणारं. पण जवळजवळ प्रत्येक लिनक्स यंत्रात ते लागतंच.

हे काम सांभाळत होते फिनलंड देशातले एक गृहस्थ, लासे कोलिन. कितीतरी वर्षं, जवळजवळ एकटे. पगार नाही, मानधन नाही. आवडीनं सुरू केलेलं काम, पुढं अंगावर पडलेलं.

२०२१ च्या शेवटाला जिया तान अशा नावानं कुणीतरी त्यांना मदत पाठवायला लागलं. छोट्या छोट्या दुरुस्त्या, नीटनेटक्या. काही वावगं नाही. मग २०२२ मध्ये वेगळ्याच नावांनी तक्रारीची पत्रं यायला लागली. काम फार रेंगाळलंय, नवी आवृत्ती कधी निघणार, तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्या कुणाकडे द्या. त्यातलं एक नाव तर आपल्याकडचंच वाटावं असं होतं, जिगर कुमार. पण नावावर जाऊ नका. ही माणसं फक्त दाब टाकण्यापुरती उगवली आणि नंतर दिसेनाशी झाली.

कोलिन यांनी जून २०२२ मध्ये सगळ्यांसमोर उत्तर दिलं. त्यांनी लिहिलं की आवड संपलेली नाही, पण मनाचा आजार बराच काळ चाललाय, त्यामुळं पहिल्यासारखं लक्ष देता येत नाही, आणि हे काम मी बिनपगारी करतो हेही लक्षात ठेवा. यावर उत्तर काय आलं? तुमच्या आजाराबद्दल वाईट वाटतं, पण माणसानं आपली मर्यादा ओळखावी, लोकांना काम हवंय.

मला या सगळ्या गोष्टीत चोरीपेक्षा जास्त राग याचा येतो. हा सूर आपल्या ओळखीचा आहे. घरचं सगळं उरकून रात्री दिव्याखाली गटाचा हिशेब लिहिणारी बाई आजारी पडली, की "वही अजून पुरी झाली नाही का?" असं विचारणाऱ्या चौघी निघतात, आणि त्या चौघींत पेन हातात धरणारी एकही नसते. बिनपैशाच्या कामाला उपकार म्हणून सुरुवात होते आणि वर्षभरात त्याचा हक्क होऊन बसतो. चोरानं नेमकं हेच ओळखलं होतं. त्याला कुलूप फोडायची गरजच पडली नाही. राखणदार दमलेला आहे, एवढं कळलं, मग "तुम्ही बसा, मी बघतो" म्हणून तो पुढं झाला.

आणि त्यानं खरंच काम केलं. दोन वर्षांहून जास्त. २०२३ पासून नव्या आवृत्त्या त्याच्याच हातून बाहेर पडू लागल्या. आपल्या गटाच्या खात्यातून एकीच्या सहीनं पैसे निघत नाहीत, बँक दोघींच्या सह्या मागते. सगळ्या जगाच्या सर्व्हरवर जाणाऱ्या या वस्तूला एकाची सही पुरत होती.

आता त्यानं केलं काय ते ऐका, कारण युक्ती समजून घेण्यासारखी आहे. एक्सझेड नीट चालतं का हे तपासायला काही नमुना फाइल्स ठेवलेल्या असतात, त्यांतल्या काही मुद्दाम बिघडवलेल्या. खराब बोचकं आलं तर सॉफ्टवेअर गडबडतं का, हे बघायला. त्या फाइल्स माणसाला वाचता येण्यासारख्या नसतात, त्यामुळं त्या कुणी उघडून बघत नाही. त्यानं आपला माल तिथं दडवला. पण दडवलेला माल बाहेर काढायला एक ओळ लागत होती. ती ओळ त्यानं सगळ्यांना दिसणाऱ्या लिखाणात ठेवलीच नाही. वाटपासाठी जो तयार गठ्ठा बांधून ठेवतात, फक्त त्यात घातली. म्हणजे बैठकीत वाचून दाखवायची वही स्वच्छ, आणि बँकेत न्यायच्या वहीत एक ओळ जास्तीची. फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये अशा दोन आवृत्त्या निघाल्या.

एवढं करून त्याला मिळणार काय होतं? दूर बसून सर्व्हरमध्ये शिरण्याचं एक दार असतं, त्याला एसएसएच म्हणतात. जगभरचे कॉम्प्युटर सांभाळणारे लोक त्याच दारानं ये-जा करतात. खरं तर त्या दाराचा आणि आपल्या बोचकं बांधणाऱ्याचा काही संबंध नाही. पण लिनक्सच्या काही प्रकारांत दाराला आणखी एक सॉफ्टवेअर जोडलेलं होतं, आणि त्या सॉफ्टवेअरला एक्सझेड. सोयऱ्याचा सोयरा. त्या वाटेनं चोर दारापर्यंत पोचला आणि दाराला त्यानं एक गुप्त किल्ली बसवली. किल्ली ज्याच्याकडे, त्यालाच उघडेल. बाकीच्यांना दुसरी किल्ली बनली आहे याचा पत्ताच लागू नये.

तो लागला एका वेगळ्याच माणसाला. आंद्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला आहेत आणि पोस्टग्रेस नावाच्या एका खुल्या सॉफ्टवेअरवर काम करतात. ते चोर शोधत नव्हते. आपलं सॉफ्टवेअर किती वेगानं चालतं ते मोजत होते. मोजताना दिसलं की ते दार उघडायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! आपण "आलेच" म्हणतो त्याला जास्त वेळ लागतो. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, आज मशीन जरा जड चाललंय. पण रोज दळण टाकणाऱ्या बाईला गिरणीचा आवाज बदललेला लगेच कळतो, तसं यांना खटकलं. काही आठवड्यांपूर्वी एका तपासणीत आलेली विचित्र तक्रारही त्यांना आठवली. मग एकेक धागा ओढत ते एक्सझेडपर्यंत पोचले. २९ मार्च २०२४, गुड फ्रायडेचा दिवस. त्यांनी सगळं जाहीर लिहून टाकलं. धोका मोजायची दहा गुणांची पट्टी असते, त्यात याला दहापैकी दहा मिळाले.

नशीब असं की या आवृत्त्या तेव्हा मुख्यतः चाचणीच्या लिनक्समध्येच शिरल्या होत्या. सगळीकडे पसरायच्या आत मागं घेतल्या गेल्या. जिया तान कोण, एक माणूस की टोळी, हे उघड झालेलं नाही.

बातमी आल्यावर दोन प्रकारचं बोलणं सुरू झालं, आणि मला दोन्ही पटलं नाही.

एक म्हणे, फुकटाचं ते असंच असायचं. हे म्हणणाऱ्यांनी २०२० सालचं सोलरविंड्सचं प्रकरण आठवावं. ती अमेरिकेतली कंपनी, तिचं सॉफ्टवेअर विकतचं, लिखाण कुलपात. तरी कुणीतरी आत शिरून तिच्याच नव्या आवृत्तीत विष कालवलं आणि ती जवळपास १८,००० ग्राहकांकडे गेली. त्यांत अमेरिकेची सरकारी खाती होती. आणि फ्रॉइंड यांना अर्धा सेकंद खटकला, पण लिखाण कुलपात असतं तर ते पुढं काय करणार होते? कंपनीकडे तक्रार नोंदवून वाट बघत बसले असते.

दुसरे छाती फुगवून म्हणाले, बघा, खुलं आहे म्हणून सापडलं. अर्धं खरं आहे. खुली वही आणि वाचलेली वही यांत फरक असतो. बैठकीत वही मधोमध ठेवलेली असते, सगळ्या सह्या करतात, वाचतात किती जणी? २०१४ मध्ये ओपनएसएसएल नावाच्या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये एक भगदाड सापडलं होतं, हार्टब्लीड म्हणून गाजलं. इंटरनेटवरच्या व्यवहारांची गुप्तता ज्यावर अवलंबून, ते हे सॉफ्टवेअर. चूक दोन वर्षं उघड्या लिखाणात पडून होती. तेव्हा कळलं की या कामाला वर्षाला देणग्या यायच्या सुमारे २,००० डॉलर. जगातल्या श्रीमंत कंपन्या त्यावर धंदा करत होत्या.

हार्टब्लीडनंतर गुगल, फेसबुक, मायक्रोसॉफ्ट अशांनी मिळून निधी उभा केला. दहा वर्षांनी एक्सझेडचे राखणदार तरीही एकटेच निघाले, कारण निधी गाजलेल्या नावांकडे आधी जातो, बोचकं बांधणाऱ्याकडे कुणाचं लक्ष नसतं. जर्मनीच्या सरकारनं २०२२ मध्ये अशा देखभालीसाठी वेगळा निधी सुरू केला. आपल्याकडे झिरोधा या शेअर बाजारातल्या कंपनीनं ऑक्टोबर २०२४ मध्ये खुल्या सॉफ्टवेअरसाठी वर्षाला दहा लाख डॉलर द्यायचं जाहीर केलं. चांगलं आहे. माझं म्हणणं एवढंच की याला दान म्हणू नये. धरणाच्या पाण्यावर ऊस घ्यायचा आणि धरणाच्या डागडुजीला दिलेल्या पैशाला देणगी म्हणायचं, हे बरं नव्हे. आणि पैशाइतकीच गरज दुसऱ्या माणसाची असते, जो वाचेल, तपासेल, दमलेल्याला चार महिने सुट्टी देईल.

बरं, निरोप पाठवणाऱ्या ताईंना उत्तर. खुलं सॉफ्टवेअर जरूर वापरा. हिशेबाला, पत्रं लिहायला लिबरऑफिस आहे, ते मराठीतही चालतं. फक्त ते त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरून घ्या, व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून नाही. "अपडेट करा" असं आलं तर टाळू नका. तुम्ही म्हणाल, चोर अपडेटमधूनच आला ना? आला, पण त्याला बाहेर काढणारं औषधही अपडेटमधूनच आलं.

लासे कोलिन यांचं पुढं काय झालं, हे बातम्यांत फारसं आलं नाही. गोष्ट उघडकीला आली तेव्हा, जिथं हे लिखाण ठेवलेलं होतं त्या गिटहब वेबसाइटनं चोराच्या खात्याबरोबर कोलिन यांचंही खातं बंद केलं. ज्याचं घर फोडलं, त्यालाच घराबाहेर ठेवलं. काही दिवसांनी ते परत सुरू झालं. कोलिन यांनी बदल तपासायला घेतले, घातलेला माल काढून टाकला, आणि मे २०२४ च्या शेवटी एक्सझेडची स्वच्छ आवृत्ती काढली, ५.६.२. राखणदार म्हणून आजही त्यांचं नाव तिथं आहे.