प्रेक्षकांच्या चिठ्ठ्या
(विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



मघाशी आपण पडद्यावर दीड मिनिटाची भयपटाची झलक, म्हणजे ट्रेलर, पाहिली. ती अकरावीच्या मुलामुलींनी मोबाईलवर चित्रित केली आहे. शेवटी आपल्यापैकी पुष्कळजण दचकले. परंतु हीच झलक दोन महिन्यांपूर्वी प्रथम दाखविली, तेव्हा लोक चक्क हसले होते! मधल्या काळात काय घडले, ते सांगण्यासाठी मी उभा आहे.

पहिली झलक तीन मिनिटांची होती. ओसाड विहीर, पांढऱ्या कपड्यांतली बाई, करकरणारे दार आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत कर्कश संगीत. मित्रांनी पाहून 'एक नंबर!' म्हटले. ही वाहवा हीच पहिली अडचण होती. मित्र मैत्रीखातर बोलतो, अम्मी मायेपोटी बोलते. म्हणून ज्यांचा या कामाशी संबंध नव्हता अशांना बोलावले. शाळेचे पहारेकरी चाचा आले, आठवीची मुले आली, एका मुलीची नानी आली.

झलक चालू असताना एक विद्यार्थी घड्याळ घेऊन बाजूला बसला. पडद्याकडे न पाहता, लोक कितव्या सेकंदाला हसतात, कुजबुजतात, हे तो टिपत होता. नंतर प्रत्येकाला कोरी चिठ्ठी दिली. नाव लिहायचे नाही. प्रश्न तीनच: गोष्ट कोणाची आहे? भीती कुठे वाटली? लक्ष कुठे उडाले? 'आवडले का?' हा प्रश्न मुद्दाम टाळला, कारण त्याला सगळेच 'हो' म्हणतात.

चिठ्ठ्या वाचून मुलांचे चेहरे उतरले. गोष्ट कोणाची, हे बहुतेकांना सांगता आले नव्हते. भुताचा चेहरा पूर्ण दिसला, नेमके तिथेच हसू फुटले होते. ज्या मुलीने रात्र जागून तो चेहरा रंगविला होता, तिच्या डोळ्यांत पाणी आले. दिग्दर्शक मुलगा रागाने म्हणाला, "सर, लोकांना कळतच नाही." मी म्हटले, "बेटा, कळले नाही हेच तर ते तुला सांगताहेत."

मग मी त्यांना 'जॉज' या चित्रपटाची हकिकत सांगितली. 1975 साली प्रदर्शनापूर्वी तो प्रेक्षकांना दाखविला गेला. किंकाळ्या ऐकून दिग्दर्शक स्टीव्हन स्पिलबर्ग यांना आणखी एक किंकाळी हवीशी वाटली. संकलक व्हर्ना फील्ड्स यांच्या घरच्या पोहण्याच्या तलावात, पाणी गढूळ दिसावे म्हणून दूध ओतून, बुडालेल्या बोटीतून मुंडके बाहेर येते ते दृश्य नव्याने टिपले. लोक किंचाळले खरे. पण पुढे शार्क प्रथम वर येतो तिथली किंकाळी आता कमी झाली, हेही त्यांच्या लक्षात आले. सावध झालेला प्रेक्षक पुन्हा तितका घाबरत नाही. एके ठिकाणी बदल केला की दुसरीकडे काय झाले, हे पुन्हा तपासावे लागते.

मुलांनी भुताचा चेहरा काढला. पायरीवर फक्त ओली पावले ठेवली. संगीत थांबवून रहाटाचा आवाज तेवढा ठेवला. सुरुवातीलाच घरात एकटी असलेली मुलगी दाखविली. कारण जिची काळजी वाटते, तिच्याचसाठी जीव धास्तावतो. कोणी गाणे घाला म्हणाले, कोणी दोन भुते दाखवा म्हणाले. ते मुलांनी ऐकले नाही. तक्रार प्रेक्षकाची ऐकावी, उपाय मात्र आपण शोधावा. एकाच जागी अनेकांनी बोट ठेवले, तर ती जागा दुरुस्त करावीच.

पण एक मत एकटेच असूनही भारी ठरले. नानींना लिहिता येत नव्हते. त्या नातीला म्हणाल्या, "बेटी, विहिरीत जीव देणाऱ्या बाया आमच्या गावात खरोखर होत्या. त्यांनी कोणाला छळले नाही, त्यांनाच छळले होते."

यावर मुलांत दोन दिवस वाद झाला. शेवट बदलला तर भीती जाईल, असे काहींचे म्हणणे होते. अखेर बदलला. पूर्वी ती बाई मुलीच्या मागे धावत होती. आता मुलगी विहिरीच्या काठावर वाकते आणि एक ओला हात तिची ओढणी धरून तिला मागे ओढतो. मघाशी आपण दचकलात ते तिथेच. नवी झलक पुन्हा अनोळखी लोकांना दाखविली, पुन्हा चिठ्ठ्या घेतल्या, तेव्हा कोणी हसले नाही.

पालकहो, सिनेमाच्या नादाने मुले वाया जातील, ही आपली काळजी मी समजू शकतो. पण या मुलांनी आपली चूक परक्याच्या तोंडून ऐकली, रडून झाल्यावर पुन्हा कामाला बसली आणि न शिकलेल्या एका आजीचे म्हणणे मानले. गणिताची वही लाल शाईने भरून आली, तर तीही अशीच वाचता येते. घरी मुलाने काही करून दाखविले, तर नुसते 'छान' म्हणू नका. कुठे कळले, कुठे कळले नाही, ते प्रेमाने सांगा.