हात लावण्याआधी

गेली १८ वर्षं मी पुण्यात लोकांच्या घरी जाऊन आजारी आणि म्हाताऱ्या माणसांची सेवा करते. आमच्या कामाला कुणी 'केअरटेकर' म्हणतं, कुणी 'ब्युरोची बाई', कुणी 'पेशंटची बाई'. बहुतेक घरांत मी 'मावशी' असते. नव्या घरी पाऊल टाकलं की पहिला प्रश्न ठरलेला : 'मावशी, तुम्हाला सगळं येतं ना?' सगळं म्हणजे डायपर बदलणं, स्पंजिंग, भांडं देणं, भरवणं. मी 'येतं' म्हणते, आणि ते खरंच येतं. पण या कामातली मुख्य गोष्ट मला शिकवली ती माझ्या पहिल्याच पेशंटने. तीच आज तुम्हाला सांगणार आहे.

पेठेतलं जुनं घर होतं. पेशंट म्हणजे प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले मुख्याध्यापक. अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली, वाचाही गेलेली. समजायचं सगळं, बोलता मात्र येत नव्हतं. सूनबाई म्हणाल्या, 'मावशी, अण्णा जरा रागीट आहेत. तीन बायका सोडून गेल्या.' पहिल्या सकाळी मी बादली घेऊन खोलीत गेले, पांघरूण ओढलं आणि धोतराला हात घातला. त्यांनी डाव्या हाताने माझ्या मनगटावर फटका मारला. दुसऱ्या दिवशी तेच. मी मनात म्हटलं, चौथी बाई मीच.

त्यांच्या पत्नी कोपऱ्यात वाती वळत बसलेल्या असायच्या. त्या दुसऱ्या संध्याकाळी मला म्हणाल्या, 'अगं, ४० वर्षं यांच्या वर्गात कुणी न विचारता पाऊल टाकलं नाही. तू एकदम धोतरालाच हात घालतेस.'

तिसऱ्या सकाळी मी बादली बाहेर ठेवली. उंबऱ्यावर उभी राहिले आणि शाळेतल्या मुलीसारखं विचारलं, 'गुरुजी, आत येऊ का?' त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली. मग मी एकेक सांगत गेले. 'आता पांघरूण काढते.' 'आता पाणी लावते, कोमट आहे.' अंगावर चादर तशीच ठेवली, जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा केला. त्या दिवसानंतर त्यांनी माझ्यावर हात उचलला नाही. त्या घरी मी पावणेतीन वर्षं होते.

श्रोतेहो, यात नुसता मान राखण्याचा प्रश्न नाही. सुरक्षिततेची सुरुवातही इथूनच होते. न सांगता उचललं की माणूस घाबरतो, अंग ताठ करतो, हाताला लागेल ते घट्ट धरतो. मग तोही पडतो आणि आम्हीही. 'तीन म्हटल्यावर उठायचं हं' असं सांगितलं, की जो काही जोर त्याच्या अंगात शिल्लक असेल तो आपल्या बाजूने लागतो. दंडाला किंवा बगलेत धरून ओढायचं नाही. लुळ्या हाताचा खांदा तर चटकन दुखावतो. झोपलेल्या माणसाला थेट उभं करायचं नाही. आधी पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून मिनिट-दोन मिनिटं बसवायचं, कारण एकदम उठल्यावर रक्तदाब उतरून चक्कर येते. खुर्ची चांगल्या बाजूला ठेवायची. चाकाची असेल तर ब्रेक आधी लावायचा. सदरा घालताना लुळा हात आधी घालायचा, काढताना शेवटी. इतकी साधी गोष्ट, पण कितीतरी घरांत उलट करतात आणि 'आजोबा उगीच ओरडतात' म्हणतात.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची. ओढत सरकवायचं नाही, कातडी सोलते. माकडहाड, टाचा, खुबे, कोपर रोज बघायचे. बोट दाबून सोडल्यावरही लाली गेली नाही, तर ती जखमेची सुरुवात समजायची. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर ती लाली नीट दिसत नाही. तिथे हात लावून बघावं. आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागतं. तिथे चोळायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं. भरवताना माणूस बसता हवा, हनुवटी किंचित खाली, चमचा लहान. पहिला घास गिळल्याशिवाय दुसरा नाही. खाताना ठसका येत असेल किंवा आवाज ओला, घोगरा होत असेल तर थांबायचं. पेंगणाऱ्या माणसाला 'दोन घास तरी जाऊ देत' म्हणून भरवणं ही माया नाही. घास श्वासनलिकेत जातो. आणि सुई देणं, नाकातून नळी घालणं हे नर्सचं काम. मला जे येत नाही ते 'येत नाही' म्हणायला मी शिकले.

आता माझ्या हातून घडलेली गोष्ट सांगते.

ब्युरोने मला एका घरी २४ तासांच्या ड्युटीवर पाठवलं. ७८ वर्षांच्या आजी, साखरेचा आजार, पाय अधू. कामाला गेले तेव्हा फक्त आजींचं बघायचं असं ठरलं होतं. आठवड्याभरात पोळ्या माझ्याकडे आल्या, मग भांडी, मग कपडे. रात्री आजी सात-आठ वेळा लघवीला उठायच्या. मी त्यांच्या पलंगाजवळ खाली सतरंजीवर झोपायचे. झोपायचे म्हणजे आडवी व्हायचे. अशा दहा रात्री गेल्या. अकराव्या रात्री मला गाढ झोप लागली आणि धप्प आवाजाने जाग आली. आजी बाथरूमच्या दारात पडल्या होत्या.

त्या रात्री मी एकच गोष्ट बरोबर केली : घाईने उचललं नाही. डोक्याखाली उशी दिली, कुठे दुखतंय विचारलं, पाय हलतात का पाहिलं, घरच्यांना हाक मारली. मनगट मोडलं होतं. खुब्याचं हाड वाचलं, डोकं वाचलं. मी विचारलं, 'आजी, मला हाक का नाही मारलीत?' तर म्हणाल्या, 'तुला इतकी शांत झोपलेली पहिल्यांदाच पाहिली गं. उठवावंसं वाटेना.'

सकाळी ब्युरोतून फोन आला. 'आजी बाथरूममध्ये घसरल्या, तू सोबत होतीस, असं सांग.' मी मुलासमोर उभी राहिले आणि जे घडलं ते सांगितलं. मला झोप लागली होती, हे सांगितलं. दहा रात्री झोपले नव्हते, हेही सांगितलं. खोटं बोलले असते तर लोकांनी बाथरूमची फरशी बदलली असती आणि पुढची बाई पुन्हा तशीच जागत बसली असती. मुलगा काही बोलला नाही. संध्याकाळी मला काम सोडायला सांगितलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांची आई पडली होती. पुढे कळलं, की नंतरच्या बाईला त्यांनी स्वयंपाकातून मोकळं केलं, रात्रीसाठी वेगळं माणूस ठेवलं आणि आजींच्या उशाशी बेल बसवली. माझं बोलणं वाया गेलं नाही.

तेव्हापासून कुठल्याही घरी मी पहिल्याच दिवशी तीन गोष्टी बोलून घेते. काम फक्त पेशंटचं. २४ तासांची ड्युटी असेल तर सलग झोपेचे तास आणि त्या वेळात घरातलं कुणीतरी जागं. आठवड्याची सुट्टी. काही लोकांना हा उद्धटपणा वाटतो. मी त्यांना म्हणते, दोन रात्री न झोपलेल्या ड्रायव्हरच्या गाडीत तुम्ही आईला बसवाल का?

आपल्या राज्यात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. पण आमची झोप, जेवण, सुट्टी आजही घराच्या दिवाणखान्यातल्या बोलण्यावरच ठरते. २०११च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढची माणसं १० कोटींहून जास्त होती. घरं लहान झाली, मुलं कामासाठी लांब गेली. आमच्यासारख्या बायकांची गरज वाढतच जाणार. म्हणून हे बोलणं आधी आणि स्पष्ट व्हायला हवं.

हल्ली मुलं परदेशात असतात आणि खोलीत कॅमेरा असतो. माझी हरकत नाही. म्हाताऱ्या माणसाला मारल्याच्या, उपाशी ठेवल्याच्या गोष्टी खोट्या नसतात, तेव्हा लेकीने लक्ष ठेवलंच पाहिजे. पण एका घरी कॅमेरा थेट पलंगावर रोखलेला होता. डायपर बदलताना त्या काकू तोंड भिंतीकडे फिरवायच्या. मी त्यांच्या लेकीला फोनवर म्हटलं, 'ताई, तुम्ही बघता याचं मला काही नाही. पण आईंना विचारलंत का?' पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, 'मावशी, जरा फोन आईकडे द्या.' दुसऱ्या दिवसापासून अंघोळीच्या आणि कपडे बदलण्याच्या वेळी कॅमेरा दाराकडे वळवायचा असं ठरलं. मी आत कधी येते, बाहेर कधी जाते, ते दिसत राहिलं. काकूंचं अंग तेवढं झाकलं गेलं.

घरच्या मंडळींना दोन विनंत्या आहेत. पाहुणे आले की पेशंटच्या समोरच चर्चा सुरू होते : 'आज झाली का?' 'काल सगळं अंथरूण खराब केलं.' ज्याला बोलता येत नाही, त्याला ऐकू येत नाही असं नसतं. आमच्याशी बोलायचं ते बाजूला घेऊन बोला. त्यापेक्षा एक वही ठेवा. औषध किती वाजता, कूस कधी बदलली, लघवी किती, जेवण किती, सगळं त्यात लिहू. वहीला लाज वाटत नाही, आणि डॉक्टरांनाही ती उपयोगी पडते.

दुसरी विनंती जरा अवघड आहे. अजूनही काही घरांत माझा चहाचा कप वेगळा असतो, खिडकीत उपडा घातलेला. ज्या हाताने तुमच्या आईला घास भरवते, त्याच हातासाठी वेगळा कप. मी भांडत नाही, चहा घेत नाही इतकंच. पण आजी-आजोबांना ते दिसतं. एका आजींनी स्वतःच्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून माझ्यापुढे सरकवला होता.

आणि आमच्या बायकांनाही सांगते. पेशंटला 'बाळा', 'पिल्लू' म्हणू नका. आपल्या आईच्या वयाच्या माणसाला 'अहो' म्हणायला पैसे पडत नाहीत. रात्र जड गेली, राग हाताशी आला, तर पाच मिनिटं बाहेर जा, घरच्यांना हाक मारा. दमलेल्या हाताने पेशंटला हात लावू नका. आणि एखाद्या घरात म्हाताऱ्या माणसाचे हाल होताना दिसले, तर गप्प राहू नका. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा फोन नंबर आहे.

गुरुजी गेले ती सकाळ आठवते. माणसं जमली, घाईघाई सुरू झाली. शेवटच्या अंघोळीसाठी धाकट्या मुलाने तांब्या उचलला. माझ्या तोंडून निघून गेलं, 'दादा, आधी सांगा त्यांना.' सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्याने तांब्या खाली ठेवला, वडिलांच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, 'अण्णा, पाणी घालतो हं.'

तुमच्या घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तर आज त्यांच्या खोलीत जाताना दारात क्षणभर थांबा आणि विचारा, 'आत येऊ का?' उत्तर आलं नाही तरी विचारा.